जुन्या फॅशन मासिकांची पानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा पोटापाण्याचा धंदा पानं लावण्याचा, म्हणजे पुस्तकं-मासिकांच्या मांडणीचा. त्यामुळे जुनं फॅशन मासिक हातात आलं की मला फ्रॉकच्या आधी समास दिसतो. या नादाबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते. जिथे एक उत्तर दुसऱ्यावर टेकलं आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हिंटेज फॅशन मासिकं म्हणजे नेमकी कोणत्या काळातली?

विकणाऱ्याला विचाराल तर काल छापलेलं सोडून सगळंच. मी साधारण १९१२ ते १९५८ हा काळ धरते. १९१२च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये प्रकाशक ल्युसिएं व्होजेलनं 'गॅझेट द्यु बाँ ताँ' सुरू केलं आणि १९५८मध्ये मांडणीप्रमुख अलेक्सी ब्रोडोविच 'हार्पर्स बझार'मधून बाहेर पडला. मधल्या काळात पान हीच रचना करण्याची वस्तू झाली. त्याआधीही मासिकं होतीच. पॅरिसचं 'काबिने दे मोद' १७८५चं, अमेरिकेतलं 'गोडीज लेडीज बुक' १८३०चं, 'हार्पर्स बझार' १८६७चं, 'व्होग' १८९२चं. पण त्यांतलं चित्र आणि मजकूर बहुतेक वेळा शेजारी राहूनही एकमेकांशी न बोलणाऱ्या बिऱ्हाडांसारखे असतात.

२. फॅशन प्लेट आणि मासिकाचं पान यात फरक काय?

प्लेट वेगळी छापलेली असते. कागद जाड, मागची बाजू बहुधा कोरी, आणि अंकात ती नंतर घातलेली. एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर चित्र कोरत, काळ्या शाईत छापत आणि मग हातानं रंगवत. रंगवायला बायका असत. 'गोडीज'चा मालक आपल्याकडे अशा दीडशे बायका कामाला आहेत असं मिरवायचा. त्या दीडशेंपैकी एकीचंही नाव चित्राखाली नसतं.

मासिकाचं पान मात्र अंकाच्याच कागदावर, दोन्ही बाजूंनी छापलेलं. त्याला पाठ असते आणि शेजारीण असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे (प्रश्न ६ आणि ११) तिच्यावरच सगळं येतं.

३. वाचणाऱ्या बायका या पानांचं करायच्या काय?

शिवायच्या, किंवा शिवून घ्यायच्या. पॅरिसचा पोशाख विकत घेणारी बाई हजारांत एक. बाकीच्या चित्र बघून मोजमाप लावायच्या. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यानं १८६३मध्ये कागदी बेतणीचे नमुने विकायला सुरुवात केली आणि त्याच धंद्याच्या जाहिरातीसाठी काही वर्षांनी 'डेलिनिएटर' हे मासिक काढलं. पुढे 'व्होग'ही नमुने विकू लागलं. म्हणून जुन्या पानांवर पाठमोरी बाई, बाहीचा तुकडा, शिवणीची रेघ असं बरंच काही दिसतं. आज ते आपल्याला सुंदर वाटतं. मुळात ती शिवणाऱ्याला दिलेली सूचना होती.

४. 'पोश्वार' म्हणजे काय? शंभर वर्षांनंतरही ते रंग इतके ताजे कसे?

पोश्वार म्हणजे साचे कापून हातानं रंग भरणं. आपली छापाची रांगोळी आठवा, तत्त्व तेच. आधी चित्राच्या रेषा छापायच्या. मग जस्त किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा साचा कापायचा, तो कागदावर ठेवायचा आणि जाड, गोल कुंच्यानं रंग बसवायचा. नाजूक प्लेटला असे वीस-तीस साचेही लागत. रंग बहुधा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. तो कागदात जिरत नाही, वर थर होऊन बसतो. ताजेपणाचं गुपित हे. छपाईत रंग ठिपक्याठिपक्यांनी डोळ्याला फसवतो. इथे लाल म्हणजे खरोखर लालच लावलेला असतो. बोट फिरवू नका, पण उजेड तिरपा पाडून बघा. रंगाच्या कडेला बारीक कंगोरा दिसेल, कुठे कुंच्याचे केसही.

'गॅझेट'नं हे तंत्र वापरलं तेव्हा तो जाणूनबुजून केलेला उधळेपणा होता. वर्गणी वर्षाला १०० फ्रँक. हातकागदासारखा रेघाळ कागद, कोशँ नावाचा नवा देखणा टाइप, आणि पुआरे, वर्थ, दुसे, पाकँ अशा सात मोठ्या शिवणघरांचा पाठिंबा. चित्रकार होते जॉर्ज बार्बिए, जॉर्ज लपाप, शार्ल मार्तँ, आंद्रे मार्ती. आणि मला सर्वांत आवडणारी गंमत अशी की अंकातल्या सगळ्या प्लेटा खऱ्या पोशाखांच्या नसत. काही चित्रकारांनी मनानंच रचलेल्या असत. एखादा झगा बघून 'हा कुठल्या घराचा?' म्हणून शोधत बसाल, तर तो कुठल्याच घरात शिवला गेला नसेल अशी शक्यता असते.

पहिल्या महायुद्धानं मासिक १९१५मध्ये थांबलं, १९२०मध्ये पुन्हा निघालं, पुढे 'व्होग'चा मालक कॉन्डे नास्टनं ते विकत घेतलं आणि १९२५मध्ये ते 'व्होग'मध्ये विरून गेलं.

५. चित्रं जाऊन फोटो कधी आले?

चित्रं एका रात्रीत गेली नाहीत. एडवर्ड स्टायकेननं पुआरेच्या पोशाखांचे फोटो १९११मध्ये काढले आणि पुष्कळ जण तिथूनच फॅशन छायाचित्रणाची सुरुवात मोजतात. तरी मुखपृष्ठं बरीच वर्षं चित्रकारांच्याच हातात होती. एर्ते यानं १९१५पासून १९३६पर्यंत 'हार्पर्स बझार'ची दोनशेहून जास्त मुखपृष्ठं काढली. 'व्होग'च्या मुखपृष्ठावर पहिला रंगीत फोटो आला तो १ जुलै १९३२ला. स्टायकेनचाच. पोहण्याच्या वेशातली बाई, हातात चेंडू.

माझ्या मते खरा सांधा त्याच्या पुढच्या वर्षी बदलला. मार्टिन मुंकाची हा हंगेरीचा, खेळांचे फोटो काढणारा माणूस. १९३३च्या डिसेंबरच्या 'बझार'साठी त्यानं पोहण्याच्या कपड्यांचे फोटो स्टुडिओत न काढता न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर काढले आणि मॉडेलला चक्क पळायला लावलं. दिवस कडाक्याच्या थंडीचे. लुसिल ब्रोकॉ वाळूवरून आपल्याकडे धावत येते, मागे केप उडतो, चेहरा किंचित हललेला. तोवर फॅशनच्या फोटोतली बाई पुतळ्यासारखी उभी असे. बाई पळायला लागल्यावर पानाला जागचं उठणं भागच होतं.

६. सगळे 'ब्रोडोविच, ब्रोडोविच' का करतात?

आधी दुसऱ्या एका माणसाचं देणं चुकतं करू. मेहेमेद फेहमी आगा १९२९मध्ये बर्लिनहून न्यूयॉर्कच्या 'व्होग'मध्ये आला. फोटोंभोवतीच्या नक्षीदार चौकटी त्यानं काढून टाकल्या, चित्र पानाच्या कडेपर्यंत नेलं आणि समोरासमोरची दोन पानं एकच पट मानली. आजही आपण हेच करतो. पण आगा संपादकीय खोल्यांपुरता राहिला आणि नाव दुसऱ्याचं झालं.

अलेक्सी ब्रोडोविच हा १८९८चा, रशियन. क्रांतीनंतर पॅरिसला आणि १९३०मध्ये अमेरिकेत गेला. 'बझार'च्या संपादिका कार्मेल स्नो यांनी १९३४मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याचं काम पाहिलं आणि लगेच त्याला घेतलं. (स्नोबाई स्वतः 'व्होग' सोडून आलेल्या. नास्टनं ते कधी माफ केलं नाही म्हणतात.) तो पुढे चोवीस वर्षं तिथे होता.

त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. एकाच फोटोच्या लहान-मोठ्या आकारांच्या फोटोस्टॅट प्रती काढायच्या, जोडपानं जमिनीवर पसरायची आणि सगळा अंक एकदम बघायचा. हे पान गजबजलेलं, मग पुढचं जवळजवळ रिकामं. इथे एक चेहरा मोठा, उलटलं की दहा छोट्या आकृत्या. गायक जशी तानेनंतर जागा सोडतो तशी. फोटो कापायला त्याचा हात कचरत नसे. डोकं, हात, अर्धी बाई, काय हवं ते ठेवी. बाई डावीकडे झुकली असेल तर शेजारचा मजकुराचा रकानाही त्याच कलानं झुकलेला. अक्षरं बोडोनी-दिदो वळणाची: जाड रेघ फार जाड, बारीक रेघ केसासारखी. टाचेच्या बुटांसारखीच ती अक्षरं, ऐटीत उभी.

तो शिकवायचाही. छायाचित्रकारांपैकी आर्व्हिंग पेन त्याचा विद्यार्थी, रिचर्ड ॲव्हेडॉन त्याच्या वर्गातून गेलेला. 'मला चकित करा' एवढंच तो सांगायचा, आणि ते वाक्यही त्याचं नव्हे, बॅले-निर्माता द्यागिलेव्हकडून उचललेलं.

आंतरजालावर त्याची पानं एकेकटी फिरतात. डावं इकडे, उजवं तिकडे. एकेकट्या पानावरून ब्रोडोविच कळत नाही. जुगलबंदीतला एकच माणूस ऐकल्यासारखं होतं.

७. इतकी कोरी जागा सोडणं म्हणजे कागद वाया घालवणं नाही का?

हा प्रश्न मला गिऱ्हाईकंही विचारतात, 'इथे अजून एक जाहिरात बसली असती' या शब्दांत. कोरी जागा ही श्रीमंतीची खूण होती हे खरंच आहे. महागड्या दुकानात एका कपाटात एकच पर्स ठेवतात तसं. त्याच अंकाच्या शेवटच्या पानांत छोट्या जाहिराती दाटीवाटीनं बसलेल्या असत आणि पुढच्या रिकाम्या पानांचा खर्च त्या उचलत. पूर्ण अंक हातात असल्याशिवाय हा हिशेब दिसत नाही.

८. सुटं पान आहे, तारीख नाही. साल कसं ओळखायचं?

कपड्यांवरून सुरुवात करू नका. घेराची उंची बघून दशक सांगणारे पुष्कळ चुकतात. जाहिराती बघा.

अमेरिकन मासिक असेल तर पत्ता वाचा. शहराच्या नावानंतर एक-दोन आकडी विभाग असेल ('न्यूयॉर्क २२' असा), तर पान १९४३ नंतरचं. पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचं. नायलॉनच्या मोज्यांची जाहिरात असेल तर बहुधा १९४० किंवा पुढचं, कारण ते मोजे अमेरिकाभर विक्रीला आले मे १९४०मध्ये. आवळलेली कंबर आणि मोठ्या घेराला 'न्यू लूक' म्हटलं असेल तर फेब्रुवारी १९४७ नंतरचं. पॅरिसच्या दिओर या शिवणघराचा तो पहिला संग्रह १२ तारखेला दाखवला गेला आणि नाव पडलं ते स्नोबाईंच्या उद्गारावरून.

'बझार'च्या इंग्रजी नावात 'झेड'नंतर १९२९पर्यंत एकच 'ए' होता, नंतर दोन झाले. अमेरिकन 'व्होग' बराच काळ पंधरवड्यानं निघायचं, म्हणून १ किंवा १५ तारीख दिसली तर गोंधळू नका.

९. माझी प्लेट अस्सल आहे की नक्कल?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पोश्वारमध्ये ठिपके नसतात, सपाट रंग आणि कंगोरा असतो (प्रश्न ४). रंगाच्या जागी ठिपक्यांची फुलांसारखी नियमित नक्षी दिसली तर ती नंतरची छपाई. धुरळ्यासारखे विस्कटलेले ठिपके म्हणजे घरगुती प्रिंटर. कोरीव प्लेटेला कडेनं पत्र्याचा दाब उमटलेला असतो, अर्थात कागद आखूड कापला नसेल तर. फोटोच्या पानांचं उलटं आहे: तिथे ठिपके असायलाच हवेत, आणि पाठ कोरी असेल तर संशय घ्या.

पिवळेपणावर विश्वास ठेवू नका, तो चहानं आणता येतो. सहीवरही नको, कारण चित्रकाराची सही चित्रातच छापलेली असते. मी स्वतः एकदा 'बार्बिए, अस्सल' म्हणून सुंदर माउंट केलेली (पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली) प्लेट घेतली होती. घरी येऊन माउंट उघडला तर मागे गुळगुळीत पांढराशुभ्र आर्टपेपर. पैसे गेले, माउंट मात्र अजून वापरात आहे.

१०. एकाच प्लेटेच्या दोन प्रती मिळाल्या आणि झग्यांचे रंग वेगळे आहेत. एक खोटी असणार ना?

नाही. एकोणिसाव्या शतकातल्या हातानं रंगवलेल्या प्लेटेत हे होतंच. एका टेबलावर निळा संपला की हिरवा वापरला. दोन्ही अस्सल असू शकतात. पोश्वारमध्ये छटा थोड्या हलतात, पण निळ्याचं हिरवं होत नाही. तसं दिसलं तर प्रश्न ९ची तपासणी करा.

११. सुटं पान घ्यावं की पूर्ण अंक?

पूर्ण अंक. अंक फोडून पानागणिक विकणारे जास्त कमावतात, पण पान उलटण्यासाठी केलेलं असतं आणि सुटं केलं की त्याची अर्धी रचना जाते. अपवाद 'गॅझेट'चा. त्यातल्या प्लेटा मुळातच सुट्या, वेष्टनात घालून येत. त्या सुट्या घेतल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

१२. फ्रेम करून भिंतीवर लावलं तर चालेल का?

पोश्वारची प्लेट चालेल, थेट ऊन येत नसेल तर. मासिकाच्या चकचकीत पानाबद्दल मी नको म्हणेन, त्यातही कोकणात-मुंबईत राहत असाल तर नक्कीच. त्या कागदावर लेप असतो. दमट हवेत तो लेप चिकट होतो आणि पान काचेला बसतं. मग सोडवताना बाईचं नाक काचेवर राहतं. लावायचंच असेल तर पान आणि काच यांत माउंटची जाडी ठेवा, आम्लविरहित पुठ्ठा वापरा, पावसाळ्याआधी उतरवा. लॅमिनेशन नको. सेलोटेप तर कधीच नको. पोश्वार ओल्या फडक्यानं पुसू नका, रंग फडक्यावर येईल. अंक आडवे ठेवा, आणि पावसाळा संपला की एकदा उलटून बघा, कारण कसरीला हे कागद फार आवडतात.

१३. हत्तींसोबत उभ्या मॉडेलचा प्रसिद्ध फोटो भारतातला आहे ना?

दोन फोटोंची गल्लत होते. काळ्या-पांढऱ्या फोटोतली, हत्तींच्या मधोमध हात पसरलेली मॉडेल म्हणजे डोव्हिमा. तो फोटो ॲव्हेडॉननं ऑगस्ट १९५५मध्ये पॅरिसच्या सर्क दिव्हेर या सर्कशीत काढला. झगा दिओरचा, आणि तो रचला होता तिथे नव्यानंच लागलेल्या इव्ह सँ लोराँ नावाच्या पोरानं. त्या हत्तींच्या पायांत साखळ्या आहेत, नीट बघा.

भारतातला फोटो रंगीत आहे. नॉर्मन पार्किन्सन १९५६मध्ये ब्रिटिश 'व्होग'साठी इथे आला होता. त्यात जयपूरला गुलाबी कोटातली मॉडेल, शेजारी सजवलेला हत्ती. रंग अप्रतिम आहेत. मात्र या देशातली माणसं त्या पानांत बहुतेक वेळा हत्तीइतकीच बोलतात.

मराठी माणसाला जवळचा दुवा वेगळाच आहे. 'गॅझेट'च्या चित्रकारांपैकी बर्नार बुते द मोंव्हेल पुढे 'बझार'साठीही चित्रं काढायचा. त्यानंच इंदूरच्या यशवंतराव होळकर दुसरे यांची दोन मोठी व्यक्तिचित्रं केली. एकात ते पाश्चात्त्य संध्यावेशात, उंच, कृश, काळ्या केपमध्ये. दुसऱ्यात पांढऱ्या मराठा पोशाखात, डोक्यावर पागोटं. दोन्हींत तीच फॅशन प्लेटवाली रेघ आहे. पागोट्याची घडीसुद्धा त्यानं पॅरिसच्या टोपीइतकीच गांभीर्यानं काढली आहे.

१४. मराठीत असं काही निघत होतं का?

फॅशन मासिक म्हणून नाही. १९३०मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' निघालं, पण त्याचा रोख बाईच्या जगण्यावर होता, कपड्यावर नव्हे. पोशाख बघायचा तर मुखपृष्ठं बघा. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या मुखपृष्ठांवरची साडीची निरी आणि अंबाड्याची ठेवण बघून कुणी अभ्यास करायला हवा.

१५. या मासिकांत सगळ्या बायका गोऱ्या, सडपातळ आणि श्रीमंतच का?

कारण मासिक विकत घेणाऱ्यांना आणि जाहिरातदारांना तसंच जग दाखवायचं होतं. ब्रिटिश 'व्होग'च्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णी मॉडेल आली मार्च १९६६मध्ये, डोन्येल लुना. अमेरिकन 'व्होग'वर थेट ऑगस्ट १९७४मध्ये, बेव्हर्ली जॉन्सन. माझ्या काळाच्या चौकटीत (प्रश्न १) दोन्ही बसत नाहीत, यातच उत्तर आलं. याहून वाईटही आहे: १९३८मध्ये छायाचित्रकार आणि चित्रकार सेसिल बीटननं अमेरिकन 'व्होग'मधल्या आपल्या चित्राच्या कडेला भिंगानंच वाचता येतील इतक्या बारीक अक्षरांत ज्यूविरोधी शब्द लिहिले. बोभाटा झाला आणि नास्टनं त्याला घालवलं. मला ही पानं आवडतात आणि हेही ठाऊक आहे. दोन्ही एकाच कपाटात आहेत.

१६. फुकट कुठे बघता येतील? वापरता येतील का?

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि इंटरनेट अर्काइव्ह. राइक्सम्युझियमच्या प्लेटा इतक्या मोठ्या आकारात उतरवता येतात की पोश्वारचा कंगोरा दिसतो. अंक बघताना दोन पानी दृश्य निवडा (कारण प्रश्न ६).

वापराचं थोडं किचकट आहे. अमेरिकेत त्या काळच्या प्रकाशनांना जास्तीत जास्त ९५ वर्षं संरक्षण असतं. युरोपात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणून १९३२मध्ये वारलेला बार्बिए मोकळा आहे आणि १९९०मध्ये वारलेला एर्ते नाही. भारतात चित्राला चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, फोटोला प्रकाशनानंतर ६० वर्षं. धंद्यासाठी वापरायचं असेल तर वकिलाला विचारा, मला नको.

१७. जुना अंक मिळाला, पण आतली काही पानं कात्रीनं कापलेली आहेत. टाकून देऊ का?

नका टाकू. विकायला किंमत येणार नाही, पण काय कापलंय ते बघा. विक्रेत्यानं पान पाठीपासून सरळ काढलेलं असतं. घरच्या बाईनं मात्र नेमकी तिला हवी ती आकृती कापलेली असते, बहुधा शिवणाऱ्याकडे न्यायला (प्रश्न ३). माझ्याकडे १९४०च्या दशकातला असा एक अंक आहे. जोडपानातल्या उजव्या बाजूच्या मॉडेलचा कोट कुणीतरी गळ्यापासून घेरापर्यंत अगदी रेघेवरून कापून नेलाय. चेहरा आणि पाय जागच्या जागी आहेत. मधल्या कोटाच्या आकाराच्या भोकातून पुढच्या पानावरची सुपाच्या डब्याची जाहिरात दिसते.

अंक फोडू नका म्हणून मी लोकांच्या मागे लागते, आणि हा एवढा अंक मात्र मी विकणार नाही.